शस्त्रक्रियेनंतरची निद्रा

गेल्या कार्तिकात खालापूर तालुक्यातील एका माळकऱ्याच्या घरी गेलो होतो. मुंबईस बायपास होऊन बारा दिवस झालेले. जखम चांगली, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. "बुवा, दिंडी बोरघाट चढून आळंदीला गेली. मी इथे जागर करतो," असे म्हणून ते हसले, घरची मंडळी मात्र रडकुंडीस आलेली.

सज्जनहो, तो जागर नव्हे! देह तोलणारे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सांगितले, त्यांत आहारामागोमाग निद्रा येते. जखम भरत असता तोच खांब काढून कसे चालेल? सदा जागणाऱ्याला योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीच सांगितले आहे.

मग झोप उडते का? बायपाससाठी छातीचे मधले हाड कापून तारेने जोडतात. ते सांधायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर कुशीवर वळवत नाही, खोकल्याने कळ येते. अतिदक्षता विभागात दिवे नि यंत्रांचे आवाज. दिवसरात्रीचा मेळ सुटतो. म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होतो. घरी आल्यावर दुपारभर झोप, मग रात्री टक्क जाग.

म्हणून पहिल्या दिवसापासून जपावे. रुग्णालयात रात्री डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे चालतील का, हे विचारावे. दिवसा चष्मा हाताशी द्यावा. घरी सकाळी ओटीवर उजेडात बसवावे. डॉक्टर सांगतील तेवढे चालवावे. दुपारची झोप अर्धा तास पुरे. दुखण्याची गोळी ठरल्या वेळी द्यावी. कळ सोसण्यात पुण्य नाही. खोकताना छातीशी उशी धरावी. लघवीची गोळी सायंकाळी असेल, तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. दुपारनंतर चहा नको, तंबाखू तर कधीच नको. समाचाराला येणाऱ्यांनी दिवेलागणीला उठावे. शेजाऱ्याची झोपेची गोळी मुळीच देऊ नये. श्वास मंदावतो, तोल जातो.

आडवे होताच धाप लागली, झोपेत श्वास अडकू लागला, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच डॉक्टरांना कळवावे. मन उदास राहिले तर तेही सांगावे, लाजू नये.

हरिपाठ सायंकाळीच आटोपावा. एकादशीचे जागरण, उपवास बरे होईपर्यंत राहू द्यावे. विठोबा रुसत नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तो दारातच माईंनी ओठांवर बोट ठेवले. दहा वाजले होते, आत ते गाढ झोपलेले. मी चिपळ्या पिशवीतच ठेवून परतलो.