प्रबंधलेखनास साहाय्य : कोणते, केव्हा आणि किती?

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी वर्ष-दीड वर्ष वाचन करतो, टिपणे काढतो, ग्रंथालयात बसतो. आणि प्रबंध सादर करण्याची तारीख दोन महिन्यांवर आली की प्रथमच लिहावयास बसतो. मग मार्गदर्शकांच्या हाती एकदम दीडशे पृष्ठांचा गठ्ठा येतो. ते तो लाल शाईने दुरुस्त करून परत देतात. त्यामुळे प्रबंधाचे शुद्धलेखन सुधारते, परंतु विद्यार्थी लिहावयास शिकत नाही. लेखनाचे साहाय्य आरंभापासून आणि प्रश्नांच्या रूपाने मिळाले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गोव्यात या प्रश्नास एक विशेष बाजू आहे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ मध्ये झाला व १९८५ पासून विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. तत्पूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. आज ताळगावच्या पठारावर येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा कोकणी, प्राथमिक शाळा मराठी आणि माध्यमिक शाळेपासूनचे शिक्षण इंग्रजी असते. असा विद्यार्थी एका भाषेत विचार करतो, दुसरीत वाचतो आणि पुष्कळदा तिसरीत लिहितो. स्वतःच्या वाक्यावर त्याचा विश्वास नसतो. म्हणून तो ग्रंथातील वाक्य उचलतो, चार शब्द बदलतो आणि पुढे जातो. यात लबाडीपेक्षा भीतीचा भाग अधिक असतो. परंतु नियम भीतीची सबब ऐकत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते. साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका व ऋणनिर्देश या मोजणीतून वगळले जातात. अनेक वर्षांचे श्रम अशा रीतीने एका आकड्यावर अडकू शकतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, विद्यार्थ्याच्या आधारग्रंथात असा मजकूर आहे : ‘गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी पुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले.’

विद्यार्थी लिहितो : ‘१५५६ साली गोव्यात छपाईचे यंत्र दाखल झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील पुराण राशोल येथे १६१६ साली रोमन अक्षरांत मुद्रित झाले.’

येथे शब्द बदलले, वाक्याची बांधणी तीच राहिली आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे काहीच आले नाही. यावर लाल शाई काय करणार? वाक्य तर शुद्ध आहे. येथे विचारावयास हवे : ‘या दोन घटनांमध्ये किती वर्षे गेली? मराठी मजकुरास रोमन लिपी का? हे पुस्तक कोण वाचणार होते?’ या प्रश्नांवर विचार करून तोच विद्यार्थी लिहील : ‘मुद्रणयंत्र आल्यानंतर साठ वर्षांनी छापलेल्या या मराठी पुराणाची लिपी रोमन आहे. तेव्हा ते देवनागरी वाचणाऱ्यांसाठी छापले की रोमन लिपी शिकलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी, हा प्रश्न उद्भवतो. या प्रकरणात त्याचा विचार केला आहे.’ माहिती ग्रंथाची आहे, म्हणून तिच्यापुढे ग्रंथाचा व पृष्ठाचा निर्देश हवाच. प्रश्न मात्र विद्यार्थ्याचा आहे, आणि प्रबंध उभा राहतो तो त्यावर.

ही सवय टिपणांपासून लावावी. टिपणवहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग करावेत. पहिल्यात ग्रंथातील शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत व पृष्ठांकासह. दुसऱ्यात ग्रंथ मिटवून स्वतःच्या शब्दांत सांगितलेला आशय. तिसऱ्यात स्वतःची शंका किंवा मत. ही वही ठेवणाऱ्यास सहा महिन्यांनंतर कोणते वाक्य कोणाचे, हे आठवत बसावे लागत नाही.

विभागानेही आपला वाटा उचलावा. आठवड्यातून एक तास आणि एक खोली एवढे पुरे. पाच-सहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन पृष्ठे आणावीत. लेखकाने ती मोठ्याने वाचावीत. ऐकणाऱ्यांनी तीनच गोष्टी सांगाव्यात : मुख्य मुद्दा काय समजला, कोठे अडखळलो आणि कोठे पुरावा हवा होता. मराठीत वा कोकणीत चर्चा करून नंतर इंग्रजीत लिहिण्यास संकोच नसावा. विचार आधी ज्या भाषेत सुचतो, त्या भाषेत तो स्पष्ट होऊ द्यावा.

साहाय्याची मर्यादाही पाळली पाहिजे. प्रश्न विचारणे, उदाहरण दाखविणे, चूक निदर्शनास आणणे हे साहाय्य होय. वाक्य लिहून देणे हे साहाय्य नव्हे. लेखन करणाऱ्या संगणकीय साधनांनाही हीच कसोटी लावावी. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून निर्देश न करणे, हीही उचलेगिरीच होय. साम्य शोधणाऱ्या यंत्रणेच्या नजरेतून ती सहज निसटते, म्हणून ती क्षम्य ठरत नाही.

आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच. डी. साठी संशोधन व प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा पूर्व-अभ्यासक्रम आवश्यक केला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु नियम माहीत असणे आणि स्वतःचे वाक्य लिहिता येणे, यांत अंतर आहे. ते अंतर दर आठवड्याच्या दोन पृष्ठांनीच कापावे लागते. येत्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या विद्यार्थ्यांकडून ती दोन पृष्ठे मागवावीत, अशी प्राध्यापकवर्गास विनंती आहे.