बाळंतपणाला मिडवाइफ : कमीपणा नव्हे, हक्क



आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणी गावच्या सुइणी होत्या. अडलेली बाई त्यांच्या हातून सुटायची, नाळ त्याच कापायच्या आणि मग त्यांच्याच हाताचा विटाळ मानला जायचा. म्हणून आपल्या शिकलेल्या मुलींना 'सुईण' हा शब्दच नकोसा वाटतो. मला तो राग समजतो. पण आताची मिडवाइफ, म्हणजे प्रसविका, वेगळी.

2018 साली केंद्र सरकारने मिडवाइफ सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अनुभवी नर्सला 18 महिन्यांचे जादा प्रशिक्षण देऊन साधी, बिनधोक्याची बाळंतपणे तिच्याकडे सोपवायची, अशी ती योजना. हा कक्ष दवाखान्यातच असतो. गुंतागुंत दिसली की लगेच डॉक्टर.

विहारातल्या बैठकीत हटकून विचारतात, "ताई, डॉक्टर नाही म्हणजे गरिबांना दुय्यम सेवाच ना?" नाही. इंग्लंडमध्ये सुरळीत बाळंतपण मिडवाइफच करते, मग आई श्रीमंत असो की गरीब. उलट नोकरीत असताना मी कळा देणाऱ्या बाईवर ओरडलेले, मांडीवर चापट मारलेली पाहिले आहे. आडनाव ऐकून बदललेला आवाजही ऐकला आहे. मिडवाइफच्या पद्धतीत बाईला चालता येते, उकिडवे किंवा कुशीवर राहता येते, आई-बहीण जवळ थांबते, गरज नसताना टाका पडत नाही. असा कक्ष जवळपास सुरू झाला की जरूर नाव नोंदवा.

मात्र आधीचे सिझर, जुळे, पायाळू बाळ, साखर, 140/90 किंवा त्याहून जास्त रक्तदाब असेल तर डॉक्टरकडेच जायचे. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 7 च्या खाली गेले तर धोका मोठा. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस. चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईचा नव्हे, सरकारनेही तो उचलावा, ही त्यांची भूमिका. आज सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, 2011). कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

आता आपल्या मनोरीचे. मालाडला जायचे तर मार्व्याची फेरीबोट, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांब वळसा. अपरात्री बोट नसते आणि कळा वेळ बघून येत नाहीत. म्हणून आठव्या महिन्यातच ठरवा : कुठे जायचे, कोण सोबत येणार, गाडी कुणाची. मालाड-बोरिवलीला नातेवाईक असतील तर शेवटचे दोन आठवडे तिकडेच राहिलेले बरे. रक्तस्राव, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटका, बाळाची हालचाल कमी, कळांआधी पाणी जाणे : यातले एकही झाले तर बोटीची वाट पाहू नका, 108 ला फोन करा आणि गाडी कोणत्या रस्त्याने येणार ते विचारून घ्या. तपासणीचे कार्ड आणि आधार एकाच पिशवीत, दाराशी टांगून ठेवा.