आकाशांतून होणारी पीकपाहणी व तिच्यांतील दोष

पिकाची पाहणी पूर्वीं बांधावर जाऊनच होत असे. सांप्रत ती उपग्रहाकडूनही होते. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेंत पिकांच्या हिरवेपणाच्या मापास स्थान मिळालें. पुढें २०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेंत भात व गहू यांच्या उत्पन्नाच्या अंदाजांत उपग्रहादि साधनांच्या आंकड्यास किमान ३० टक्के भार देण्याचें ठरलें. तेव्हां त्या आंकड्यांतील चूक ही आतां आपल्या भरपाईंतील तूट होऊं शकते. म्हणून हें माप कसें घेतात व आपल्या मालवण-देवगडकडील मुलखांत तें कोठें फसतें, हें प्रत्येक खातेदारानें समजून घेणें अवश्य आहे.

माप कसें घेतात.— हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें. परंतु तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश पुष्कळसा परत फेंकतें. उपग्रह हे दोन्ही मोजतो. अदृश्य प्रकाशांतून तांबडा वजा करून त्या बाकीस दोहोंच्या बेरजेनें भागलें असतां जो आंकडा येतो, तो हिरवेपणाचा निर्देशांक होय. समजा, भरलेल्या भातावरून शेंकडा ४५ अदृश्य व ५ तांबडा प्रकाश परतला, तर ४० भागिले ५० म्हणजे ०.८०. उघड्या जमिनीवरून अनुक्रमें २५ व २० परतला, तर ५ भागिले ४५ म्हणजे सुमारें ०.११. हंगामभर असे आंकडे ओळीनें मांडले कीं लावणीपासून कापणीपर्यंतची चढती-उतरती रेघ मिळते.

दोष पहिला : ढग.— वरच्याच भातावर विरळ ढग आला आणि त्यानें दोन्ही प्रकाशांत ३०-३० ची भर घातली, असें धरूं. आतां ७५ व ३५ झाले. ४० भागिले ११० म्हणजे ०.३६. पीक तेंच, परंतु कागदावर तें रोगट ठरलें. ढग हिरव्या पिकाचा आंकडा खालींच ओढतो. म्हणून सोळा दिवसांसारख्या मुदतींतील सर्वांत मोठा आंकडा खरा धरण्याची रीत आहे. ती देशावर बरीच उपयोगी पडते. आपल्याकडे मात्र लावणीपासून पोटरीपर्यंतचा काळ भर पावसांतला. त्या मुदतींत एकही निरभ्र दिवस न मिळणें कोंकणांत नवलाचें नाहीं.

दोष दुसरा : भरलेली जागा.— आंकडा मिळाला नाहीं म्हणजे मागच्या व पुढच्या निरभ्र तारखांवरून गणितानें तो भरून काढतात. रेघ गुळगुळीत दिसते, परंतु मधल्या दिवसांत काय घडलें हें तिला ठाऊक नसतें. मी नोकरींत असतांना एका गांवचें पीकपत्रक माझ्यापुढें आलें होतें. अक्षर सुरेख, बेरजा बिनचूक. ताडून पाहतां तें मागील वर्षाच्या पत्रकाची नक्कल निघाली. ज्या कुणग्यांत पाणी तुंबून रोप कुजलें होतें, तेथेंही भात उभें होतें. मुदत संपत आली होती. मीं तें तसेंच पुढें पाठविलें, ही गोष्ट आजही मनास लागते. भरलेला आंकडा व पाहिलेला आंकडा एकाच रकान्यांत बसले कीं असेंच होतें.

दोष तिसरा : तुकड्याचा आकार.— उपग्रह जमीन चौकोनांनीं मोजतो. १९९९ सालीं सोडलेल्या ‘टेरा’ उपग्रहावरील ‘मोडिस’ यंत्राचा बारीकांत बारीक चौकोन २५० मीटरांचा, म्हणजे सुमारें १५ एकरांचा. ‘लँडसॅट’चा ३० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा, आणि युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ चा १० मीटरांचा, म्हणजे बहुतेक एका गुंठ्याचा. आपल्याकडे १५ एकरांत भाताचे कुणगे, काजू, हापूस, माड व कातळ इतकें सर्व येतें. भात वाळलें तरी कलमें हिरवींच राहतात, आणि सरासरींत नुकसान लपतें.

दोष चौथा : हिरवें तें सर्व पीक नव्हे.— पावसाळ्यांत कातळावर गवत उगवलें कीं सडाही हिरवा दिसतो. उलट, नुकत्याच लावणी झालेल्या कुणग्यांत पाणीच अधिक दिसतें, व लागवड होऊनही आंकडा पडीक जमिनीसारखा येतो. खाडीकांठच्या कांदळवनाचा आंकडा तर भरती-ओहोटीप्रमाणेंही बदलतो.

रडाराचे उपग्रह ढगांतून पाहूं शकतात. युरोपचा पहिला ‘सेंटिनेल-१’ २०१४ सालीं, भारताचा ‘ईओएस-०४’ २०२२ सालीं व भारत-अमेरिकेचा ‘निसार’ जुलै २०२५ मध्यें सुटला. परंतु रडार हिरवेपणा मोजीत नाहीं; ओलावा, पाणी व रोपांची ठेवण यांचा त्यास बोध होतो, आणि डोंगरउतारावर त्याचें चित्र वेडेंवांकडें होतें. म्हणून तें पूरक साधन समजावें.

शेतकऱ्यानें काय करावें.— आंकडा पुढें आला कीं चार प्रश्न विचारावे : तो कोणत्या तारखेचा? त्या दिवशीं आकाश निरभ्र होतें काय? तो पाहिलेला कीं भरलेला? आणि किती गुंठ्यांच्या चौकोनाचा? तसेंच पेरणी, लावणी, पाणी तुंबणें, रोग व कापणी यांच्या तारखा गटवार वहींत लिहाव्या. नुकसानीचें छायाचित्र तारीख व स्थळासह त्याच दिवशीं घ्यावें. २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद खातेदारास स्वतःच्या मोबाईलवरून करतां येते. ती मुदतींत व शेतांत उभें राहूनच करावी. घरीं बसून केलेली नोंद वरच्या नकलेहून निराळी नाहीं. आणि तशी नोंद करणाऱ्यास उपग्रहाचा आंकडा खोटा ठरवितां येणार नाहीं.