रंग बघून पैसे देऊ नका

ज्या गॅरेजात आल्याआल्या कॉफी विचारतात, तिथे बिलाची तयारी ठेवावी. पुण्याबाहेरच्या एका ‘रिस्टोरेशन स्टुडिओ’त मी माझी महिंद्रा एमएम ५४० जीप नेली, तेव्हा मालकाने सर्वांत आधी माझ्या हातात सीटच्या लेदरचे नमुने ठेवले. इंजिनाबद्दल एक प्रश्न नाही, चेसिसखाली वाकून बघणं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. नाव न घेता लिहायला त्यांची हरकत नाही.

जीप वडिलांची, १९८७ची. आमच्या कोल्हापूर भागात जीपचं काय वेड होतं, हे मी सांगायला नको. वडिलांच्या मागे ती गावाकडच्या शेडमध्ये उभी राहिली आणि पावसाळ्यांनी पत्रा खाल्ला. इंजिन मात्र ठणठणीत होतं. २११२ सीसीचं प्यूजो, एक्सडीपी. ज्याने ते चालवलंय त्याला त्याचा स्वभाव ठाऊक आहे: थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. घाई केली की बॅटरी बसलीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास माझा कागलचा मावसभाऊ त्याची सीजे-३बी जीप घरीच खोलून बसला होता. ‘तू का नाही त्याच्यासारखं केलंस?’ असं आता जो तो विचारतो. त्याच्याकडे शेड आहे, स्वतःचं वेल्डिंग मशीन आहे आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचा वर्गमित्र लेथवर बसतो. माझ्याकडे दहा तासांची नोकरी आणि फ्लॅटचं पार्किंग. ज्यांच्याकडे काम येतं त्यांना पैसे देऊन ते करून घ्यायचं, यात गैर काय होतं? डॉक्टरकडे जाताना आपण ऑपरेशन शिकून जात नाही.

अंदाजपत्रक एका पानाचं. त्यावर ‘कम्प्लीट नट अँड बोल्ट रिस्टोरेशन’ अशी एकच ओळ आणि पुढे साडेसहा लाख. गाडी खोलल्यावर आकडा वाढेल, हे तोंडी. तो अकरा लाखांवर गेला. फोन केला की उत्तर ठरलेलं, “सर, प्रोसेस चालू आहे. आर्ट आहे ही, घाई करून चालत नाही.” व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे. त्यातल्या एका फोटोत डॅशबोर्डचं झाकण अगदी सपाट होतं. आमच्या झाकणावर वडिलांनी मारून घेतलेलं वेल्डिंगचं ठिगळ आहे, आणि ते तसंच ठेवा असं मी बजावून सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाला, “अँगलमुळे दिसत नाही सर.” गाडी हातात आली तेव्हा ठिगळ जागच्या जागी होतं. म्हणजे तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या जीपचा होता, आणि त्या दुसऱ्याला कदाचित माझ्या जीपचे फोटो जात असावेत.

गाडी दिसायला देखणी होती, हे मान्य. गर्द हिरवा रंग, कातडी सीट, रुंद टायर, अलॉय व्हील. सोसायटीतले लोक फोटो काढून गेले. मग डिसेंबरात एकदा पहाटे गावाला निघालो. चांगली बोचरी थंडी होती. सवयीने हीटर द्यायला हात गेला, पण त्याआधीच किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली.

दुसरा कुणी खूश झाला असता. मी तिथेच बसून राहिलो. प्यूजो इतक्या थंडीत हीटरशिवाय असं उठत नाही. वडिलांच्या काळात नाही उठलं, माझ्या काळातही नाही. आणि आवाज! आमच्या इंजिनाची घरघर मी झोपेतही ओळखीन. हा कडक, टकटक करणारा आवाज होता. गावाला जायचं सोडून तसाच कागलला गेलो. भावाने बॉनेट उघडलं, पंपाकडे बघितलं, टॉर्च मारून नंबर वाचला आणि म्हणाला, “दादा, हे तुझं इंजिन न्हवंच. डीआय बसवलंय त्यांनी.”

डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, म्हणून ते हीटरशिवाय उठलं. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन प्यूजोच्याच घराण्यातून पुढे आलेलं, त्यामुळे ते या गाडीत फारशी काटछाट न करता बसतं. हे सगळ्या धंद्याला माहीत आहे. बिलावर मात्र ‘इंजिन ओव्हरहॉल’ असं लिहून मजुरी, रिंग-पिस्टन, बेअरिंग, सगळ्याचे पैसे लावलेले. मालकाला फोन केला. अजिबात न गडबडता तो म्हणाला, “अपग्रेड केलंय सर, तुमचा तर फायदाच झाला. मायलेज बघा.” माझं इंजिन कुठे आहे? “स्क्रॅप झालं.” ठणठणीत प्यूजो स्क्रॅप होत नाही, ते विकलं जातं. हे मला कळतं आणि त्यालाही कळतं.

गाडीच्या नोंदणीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२मध्ये त्याची ६०० रुपयांची फी ५,००० झाली होती. आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात. माझ्या गाडीवर घासली तर कागद नुसता काळा झाला, आकडा एकही उमटला नाही. या महाभागांनी चेसिसला जाड पावडर कोटिंग केलं होतं, नंबरासकट. रंग काढायच्या औषधाने कोटिंग हळूहळू सोडवल्यावर तो नंबर दिसला. इंजिनाचा नंबर तर आरसीशी जुळणारच नव्हता. पासिंग अडलं.

अशा वेळी कायदा गॅरेजवाल्याला नाही, गाडीच्या मालकाला धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीत असा फेरफार करायला मनाई आहे, ज्याने आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल. इंजिन बदलायचं तर रीतसर मंजुरी लागते. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. वर हा स्टुडिओवाला मला ‘आता हिची व्हिंटेज नोंदणी करून टाका’ म्हणाला. २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी. त्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. १९८७ची जीप २०३७च्या आधी तिथे बसत नाही, आणि इंजिन बदललेली तर कधीच नाही.

परदेशातही जुन्या गाड्यांत नवं काळीज घालतात. कॅलिफोर्नियातली आयकॉन नावाची कंपनी जुन्या घाटाच्या लँड क्रूझर आणि ब्रॉन्को अशा बांधून देते, दोन लाख डॉलरच्या वरच्या भावात. पण तिथे आत काय नवं आहे हीच जाहिरात असते. इथे ते लपवायचं होतं.

म्हणून ज्यांना जीप अशा गॅरेजात द्यायचीच आहे, त्यांनी हे करावं. गाडी सोडण्याआधी इंजिन आणि चेसिस, दोन्ही नंबरांची पेन्सिल छाप घ्या, फोटो काढा आणि त्या कागदावर गॅरेजवाल्याची सही घ्या. सही द्यायला तो कचरला तर गाडी तशीच परत आणा. कोटिंगच्या आधी नंबरच्या जागी टेप लावायला सांगा. सँडब्लास्टिंगही तिथे नको, आकडे पुसट होतात. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मिळेल, हे लेखी घ्या. ‘स्क्रॅप आमच्याकडे’ हा शब्द करारात दिसला तर खोडा. गाडी घेताना कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी भरलेली आहे. मग खाली झोपा. बॉडीच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या आतून कुजतात. माझ्या गाडीच्या त्या पट्ट्या न बदलता वरून काळा रंग फासला होता. अकरा लाखांत!

रुंद टायरांना भुलू नका. सीजे-३बीसारख्या जीप ६.००-१६च्या अरुंद टायरांवर धावायच्या आणि त्यांचं स्टीअरिंग त्याच मापाला धरून होतं. किंगपिन बेअरिंग आणि टाय-रॉड एंड झिजलेले ठेवून वर रुंद टायर चढवले की साठच्या वेगाला पुढची चाकं अशी थरथरायला लागतात की स्टीअरिंग हातात राहत नाही. माझं तेच झालं. “अलाइनमेंट करून घ्या सर,” इति स्टुडिओ.

आता भावाच्या गाडीचं. तिचं कौतुक सगळे करतात, मीही करतो, पण जेवढं खरं तेवढंच. त्याने क्रम बरोबर धरला: आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग चेसिस, रंग सर्वांत शेवटी, तोही अजून एकहातीच आहे. चारही ड्रम उद्यमनगरात फिरवून घेतले, सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आणले. उंच बॉनेटखालचं हरिकेन पेट्रोल इंजिन त्याने तेच ठेवलं आणि पेट्रोलचा खर्च निमूट सोसतो. पण बॉडी त्याने मंडी डबवालीहून तयार मागवली, ती भोकाला भोक जुळेना, आणि बसवताना त्याने कापाकापी केली. वायरिंग स्वतः केलं. एकदा धूरही निघाला. ‘घरी दोन लाखांत होते’ म्हणणारे स्वतःच्या रविवारांचे आणि बायकोच्या संयमाचे पैसे धरत नाहीत. चार लाखांच्या आसपास त्याचेही गेले आहेत. फरक एवढाच की प्रत्येक रुपया कुठे गेला, हे त्याला ठाऊक आहे.

बाकी नेहमीचं: घाई करू नका, रोख देऊ नका, अॅडव्हान्स टप्प्याटप्प्याने द्या, ऐकीव नावावर जाऊ नका. मी हे सगळं केलं होतं, बिलंही सगळी बँकेतूनच भरली आहेत. तरी झालं ते झालं. त्या बिलांमुळे निदान तक्रार उभी राहिली. २०१९च्या ग्राहक कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, फसवणूक करणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोनच वर्षांची. गॅरेजवाला ‘सर, बघतो’ म्हणत ती संपवतो, म्हणून पहिलं पत्र लगेच पाठवा.

माझी जीप सध्या कागलच्या शेडमध्ये, भावाच्या गाडीशेजारी उभी आहे. मी कागदपत्रांसकट मिळणारं एक्सडीपी शोधतोय. तुम्हीही जुन्या बाजारात प्यूजो इंजिन घेणार असाल तर ते ज्या गाडीतून उतरलं तिच्या आरसीची प्रत मागा आणि नंबर स्वतः वाचा. प्रत नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ते बहुतेक कुणाला न विचारता काढलेलं असतं.