कड मोडल्याशिवाय कापड चढवू नकोस

वाई



होडीचा आराखडा आणि सामानाची यादी मिळाली. धोम धरणाच्या पाण्यात वल्हवायची, दोन माणसांची, 6 मिलिमीटर प्लायची होडी घरी बांधायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. यादीत मात्र एक गोष्ट खटकली. तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यांसाठी तू फायबरचे चार थर धरले आहेस, आणि कोपऱ्याच्या आकाराबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाहीस. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. कोपऱ्याची ताकद थर मोजून ठरत नाही. कापडाखाली गोलाई किती आहे आणि ते कापड लाकडाला किती घट्ट धरून आहे, यावर ती ठरते. ही दोन कामे नीट झाली तर तुझ्या होडीला दोन थर पुरतील. ती बिघडली तर चारही थर एकत्रच सुटून येतील.

वाईच्या माणसाला हे पटवायला लांब जायला नको. ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ऐन नदीकाठी बांधले. कृष्णेचा पूर देवळाच्या पाठीवर येणार हे बांधणाऱ्यांना माहीत होते. ती भिंत नुसती जाड करून ते थांबले नाहीत. तिला त्यांनी माशासारखा आकार दिला, म्हणजे येणारे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. जोर कुठे येणार ते आधी ओळखले, तिथला आकार ठरवला, आणि मग दगड रचला. होडीत हा जोर कोपऱ्यावर येतो. उन्हाळ्यात धोमचे पाणी उतरले की काठ उघडा पडतो आणि होडी मुरूम-दगडांवरून ओढत पाण्यापर्यंत न्यावी लागते. त्या वेळी सपाट तळाच्या आधी कड घासते. शिवाय प्लायची कापलेली कड म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्या. फळीच्या पाठीवरून पाणी जितके आत शिरते त्याच्या कितीतरी पट वेगाने ते कडेतून शिरते, आणि एकदा आत गेले की थरांच्या मधून पसरत राहते. म्हणजे होडीत जिथे मार सर्वांत जास्त, नेमके तिथेच लाकूड सर्वांत उघडे आहे.

आता धारदार कोपऱ्यावर कापड टाकले तर काय होते ते बघ. काचेचा तंतू ओढीला फार मजबूत असतो, पण तो ताठ असतो; काटकोनात मुडपला की परत सरळ व्हायला बघतो. त्यामुळे धारेच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित उचलले जाते आणि खाली हवेची बारीक नळी राहते. नेमक्या धारेवर तर रेझिन टिकतच नाही, ओघळून पातळ होते, आणि वरचा रंगही तिथेच सर्वांत विरळ बसतो. पहिला दगड लागला की ती पातळ जागा फुटते, पाण्याला हवेच्या नळीची वाट आयती मिळते आणि ते कोपऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. वर चार थर असले तर हे सगळे फक्त दिसायला उशीर लागतो. म्हणून आधी रंध्याने कड मोड, मग कानस आणि पॉलिश पेपरने तिला गोल कर. हलक्या कापडाला निदान 6 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. 10 मिलिमीटर मिळाली तर कापड हातासरशी बसते. गोलाई करताना प्लाय फार कमी उरेल अशी भीती तुला वाटेल, आणि 6 मिलिमीटरच्या प्लायला ती रास्त आहे. उपाय आतल्या बाजूला आहे. आतल्या खोबणीत इपॉक्सीत लाकडाची बारीक भुकटी कालवून केलेले लुकण भर आणि गोल टोकाच्या पट्टीने 20 ते 25 मिलिमीटर त्रिज्येचा उतार ओढून घे. ते कडक झाले की मगच बाहेरची कड मोड. कमी झालेले लाकूड आतून भरून निघालेले असते. त्या उतारावरही कापडाची पट्टी हवीच. कापड एकाच बाजूला असले तर सांधा बिजागरीसारखा वागतो. दोन्ही बाजूंना असले की फळी कुठल्याही दिशेला वाकू लागली तरी एक कापड ओढ घेते.

पट्टी कापताना शिंप्याची अक्कल वापर. गळ्याच्या गोलाईला तो उरेब पट्टी लावतो, कारण उरेब कापलेले कापड वळणावर सुरकुती न पडता बसते. ग्लासच्या कापडाचेही तसेच आहे, आणि इथे आणखी एक फायदा मिळतो. सरळ कापलेल्या पट्टीतले निम्मे तंतू सांध्याच्या लांबीने जातात. सांधा उघडू लागला तर त्यांचा काही उपयोग नाही. 45 अंशांत कापलीस तर प्रत्येक तंतू सांधा ओलांडून पलीकडे जातो. दुसऱ्या थराची पट्टी पहिलीपेक्षा थोडी रुंद ठेव, म्हणजे दोन्हींच्या कडा एकाच रेषेवर संपणार नाहीत.

तुझा पहिला आक्षेप मला दिसतो आहे: धारदार कड पाणी कापते, गोल कड होडीचा वेग मारते. इंजिनाच्या वेगवान बोटीच्या मागच्या कडेपुरते हे खरे आहे; तिथे पाणी स्वच्छ सुटावे लागते. वल्ह्यांच्या होडीला तो वेग कधीच येत नाही. तरीही धार हवीच असेल तर आधी गोलाईवर कापड बसव आणि मग त्यावर लुकणाने धार उभी कर. ती धार झिजली तरी खालचे कापड शाबूत राहील.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हलका नाही. टाक्या आणि दरवाजे करणाऱ्या कारागिरांकडे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, म्हणजे न विणलेल्या तंतूंची चटई, सहज मिळते, इपॉक्सीच्या मानाने बरेच स्वस्त. पुस्तकांत मिरर या होडीचा दाखलाही तुला सापडेल. ती 1963 साली ब्रिटनमध्ये लोकांपुढे आली. प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांध्यांवर ग्लासची पट्टी पॉलिएस्टरने बसवायची, अशी तिची पद्धत. लोकांनी ती हजारोंनी घरी बांधली, आणि त्यातल्या कित्येक दशके टिकल्या. हा पुरावा माझ्या विरुद्ध जातो, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. अशा छोट्या होड्या शर्यत झाली की पाण्याबाहेर काढून कोरड्या ठेवतात. तुझी होडी महिनोन्‌महिने काठावर पाण्यात बांधलेली राहणार. पॉलिएस्टर घट्ट होताना इपॉक्सीपेक्षा जास्त आकसते आणि लाकडाला कमी धरते. ओल चढत-उतरत राहिली की ते पापुद्र्यासारखे सुटते. फायबरच्या टाकीत ते उत्तम चालते, कारण तिथे त्याला लाकूड धरायचे नसते. म्हणून दोन थर कमी कर आणि वाचलेल्या पैशात इपॉक्सी घे. मात्र इपॉक्सीबरोबर ती मॅट वापरू नकोस. तिच्यातले तंतू बांधणारा गोंद पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट ताठ राहून कोपऱ्यावर उभी राहते. विणलेले कापडच घे. कधी पॉलिएस्टरच वापरायची वेळ आली तर कोबाल्ट आणि पेरॉक्साइडचा हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत. त्याचा स्फोट होतो.

कोकणातल्या होड्या कापूस आणि राळ यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, मग हा खटाटोप कशाला, असेही कुणी म्हणेल. त्या होड्यांची फळी जाड आणि अखंड लाकडाची असते. पाण्यात ती फुगते आणि स्वतःची फट स्वतः दाबून बंद करते. प्लायमधले थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना फुगू देत नाहीत. प्लायचा तोच गुण आहे, आणि त्याच गुणापायी तिला स्वतःची फट बुजवता येत नाही. ते काम आपण करायचे. प्लाय घेताना आयएस 710 हा शिक्का बघून घे. त्या प्रतीच्या प्लायचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. लाकूड आणि इपॉक्सी यांच्या जोडीची ताकद बघायची असेल तर गोव्यातल्या दिवाडीकडे बघ. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर ग्लास चढवून ‘म्हादेई’ ही नौका बांधली गेली, आणि 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या नौकेला सर्वांगावर कापड लागते, कारण तिचे काम समुद्राशी आहे. तुझ्या तळाला चांगला रंग पुरेल. कोपऱ्यांचे सगळे आटोपून कापड उरले तर तळावर अवश्य चढव.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये कर. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणासारखी साय येते आणि पुढचा थर तिच्यावर धरत नाही; आलीच तर घासण्याआधी पाण्याने धुऊन काढ. रेझिन दुपार कलल्यावर लाव. सकाळी लाकूड तापत जाते, आतली हवा फुगते आणि ओल्या थरात बुडबुडे उठतात. लाकूड निवत असताना ते उलट रेझिन आत ओढून घेते. हार्डनर सांगितलेल्या मापातच घाल, लवकर वाळावे म्हणून वाढवू नकोस. हातमोजे विसरू नकोस. सगळे झाल्यावर रंग हवाच, कारण उन्हाने उघडे इपॉक्सी खराब होते.

होडीला हात लावण्याआधी त्याच प्लायचे वीतभर लांबीचे दोन कोपरे कर, एक धारदार आणि एक गोल, आणि दोन्हींवर सारखेच दोन थर चढव. आठवडाभराने दोन्ही तासभर उकळ, वाळव आणि मग छिन्नीने कापड उपटून बघ. निघालेल्या कापडाच्या आतल्या अंगाला लाकडाचे तंतू चिकटून आले आहेत की ते गुळगुळीत सुटले आहे, हे दोन्ही तुकड्यांचे मला कळव. तोवर मोठ्या फळ्या कापू नकोस.

तुझा,
मामा