उभ्या लाटेवरचा खेळ

मांजरा आणि तिला मिळणाऱ्या लेंडी व मन्याड या नद्या मुखेड, कंधार, देगलूर या भागांतील मुलांच्या ओळखीच्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून कित्येक ठिकाणी पायी चालत जाता येते. पावसाळ्यात मात्र त्याच नद्या गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहू लागतात आणि काठावर उभे राहण्याचेही धैर्य होत नाही. अशा खळाळत्या पाण्यात शिरून कोणी खेळ मांडतो असे सांगितले, तर तुम्हांला नवल वाटेल. परंतु असा खेळ आहे, आणि तो शिकण्याजोगी जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

ही जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका नदी होय. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. कोकणातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की रोडावतात. कुंडलिकेस मात्र उन्हाळ्यातही पाणी असते. त्याचे कारण डोंगरापलीकडे आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधले असून तेथील पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणले आहे. भिऱ्यास १९२७ पासून या पाण्यावर वीज तयार होते, आणि काम संपलेले पाणी कुंडलिकेत सोडतात. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जावयाचे, ते अशा रीतीने पश्चिमेकडे वळले. या धरणात आपली शेते आणि घरे बुडणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. पां. म. बापट यांस लोक ‘सेनापती’ म्हणू लागले, ते याच लढ्यामुळे. कुंडलिकेच्या पाण्यावर खेळणाऱ्याने त्याचे मोल कोणी दिले, हे विसरू नये.

नवशिक्यास ही नदी सोयीची का? एक तर येथील पाणी ठराविक वेळी, बहुधा सकाळी सोडतात. त्यामुळे ते केव्हा वाढणार हे आधीच ठाऊक असते. दुसरे असे की, खळाळांच्या अवघडपणाच्या जगभर सहा पायऱ्या मानतात, त्यांपैकी येथील खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे आहेत. शिवाय मधूनमधून संथ पाणी लागते. कोणाची नाव उलटली, तरी पुढच्या संथ पाण्यात त्यास सावरता येते.

या खेळाच्या नावेला कयाक म्हणतात. ग्रीनलंडसारख्या बर्फाळ प्रदेशांतील शिकारी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून अशा नावा करीत. आजची खेळाची कयाक प्लास्टिकची, जेमतेम दोन मीटर लांबीची आणि एका माणसापुरती असते. खेळाडू तीत पाय लांब करून बसतो आणि कमरेभोवती जलरोधक पडदा बांधून नावेचे तोंड झाकून घेतो. हातात दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात तरंगते जाकीट, एवढा त्याचा सरंजाम.

परंतु वल्हे मारणे हा शिक्षणाचा लहानसा भाग झाला. खरे शिक्षण काठावर उभे राहून पाणी वाचण्याचे. पाणी वाचावयाचे म्हणजे काय? दोन खडकांमधून जाणारे पाणी नांगराच्या फाळासारखे निमुळते दिसते. फाळाचे टोक प्रवाहाच्या दिशेस असेल, तर ती वाट बहुधा मोकळी असते. टोक वरच्या बाजूस असेल, तर त्या टोकाशी खडक दडलेला समजावा. मोठ्या खडकाच्या मागे पाहिले, तर तेथील पाणी नदीच्या उलट दिशेने हळूहळू वर सरकत असते. ही उलटी धार खेळाडूचा विसावा होय. तेथे नाव नेली की खळाळाच्या मध्यावरही थांबून पुढचा मार्ग न्याहाळता येतो.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे उभी लाट. समुद्रात लाट पुढे धावते. नदीत मात्र तळाच्या खडकावरून पाणी वेगाने खाली येऊन उसळते, तेव्हा पाणी पुढे जाते आणि लाट जागच्या जागी उभी राहते. खेळाडू नावेचे टोक वरच्या बाजूस वळवून या लाटेच्या उतारावर येतो. प्रवाह त्यास खाली ढकलतो, तर उतार त्यास वरच्या बाजूस ओढतो. हे दोन्ही जोर सारखे झाले की नाव लाटेवर तोलून राहते. खालून नदी धावत असते आणि खेळाडू तेथल्या तेथे! मग तो नाव गरगर फिरवितो, तिला कोलांट्या देतो. पण हे सारे त्या तोलावर अवलंबून असते. पाण्याशी झोंबी घेणारा दमून जातो, आणि पाण्याचा कल ओळखणारा खेळत राहतो.

नाव उलटणे हे तर ठरलेलेच. तेव्हा न घाबरता वल्ह्याचा एक वळसा आणि कमरेचा एक हिसका देऊन पुन्हा वर यावयाचे, ही कला नवशिके आधी संथ पाण्यात शिकतात. नावेबाहेर पडावे लागलेच, तर उताणे तरंगावे व पाय प्रवाहाच्या दिशेस, पाण्याच्या वर ठेवावे. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाय खडकांच्या फटीत अडकला, तर प्रवाह माणसास वाकवून पाण्याखाली दाबतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो!

मुलांनो, हा पाठ वाचून गावच्या पुरात उतरण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका. पुरात झाडेझुडपे आणि तारा वाहत येतात. पाणी किती वाढेल, हे कोणास सांगता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत पाणी शिरून माणसे दगावली. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तर विशेष फसवे असते. दिसावयास ते एखाद्या गुळगुळीत पडद्यासारखे. परंतु त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरून पडलेल्या माणसास पुनःपुन्हा बंधाऱ्याकडे ओढते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटणे कठीण. म्हणून कुंडलिकेवरील कुशल खेळाडूसुद्धा आधी पाणी पाहतो, एकटा कधी उतरत नाही, आणि मनास पटले नाही तर नाव खांद्यावर घेऊन काठाने चालू लागतो. असे चालत जाणे त्या खेळात कमीपणाचे मानीत नाहीत. पाणी ओळखून मागे फिरणे, हेही कौशल्यच होय.

शब्दार्थ
दुथडी भरून : दोन्ही काठ भरून
खळाळ : खडकांवरून आवाज करीत वेगाने वाहणारे पाणी
सरंजाम : साहित्य
कल : झुकाव, ओढा
पट्टीचा : निष्णात

स्वाध्याय
१. उन्हाळ्यातही कुंडलिकेस पाणी का असते?
२. समुद्राची लाट आणि नदीतील उभी लाट यांत कोणता फरक आहे?
३. कारणे द्या : (अ) वेगवान पाण्यात उभे राहू नये. (आ) बंधाऱ्याखालचे पाणी फसवे असते.
४. ‘पाणी ओळखून मागे फिरणे, हेही कौशल्यच होय.’ या वाक्याचा अर्थ सात-आठ ओळींत स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाजवळील नदी किंवा ओढा वडील माणसांसोबत दुरून पाहा. पाणी कोठे संथ व कोठे वेगवान आहे, याचे वर्णन लिहा.