सिलॅबसमध्ये नसलेला विषय : कोल्हापुरी

फर्स्ट इयरला ॲडमिशन घेताना मार्कलिस्ट, फोटो, लिव्हिंग सर्टिफिकेट सगळं मागतात. पण बाहेरगावाहून कोल्हापूरच्या हॉस्टेलवर येणाऱ्याला पहिल्याच रात्री ज्याची गरज पडते ती वस्तू कुणी देत नाही. ती म्हणजे इथल्या बोलीचा शब्दकोश. मी ठाण्याची, शाळा कॉन्व्हेंट, मराठी म्हणजे आठवड्यातले काही तास. त्यामुळे इथं आल्यावर एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ऐकलेले शब्द लिहून ठेवायची सवय लागली. आजचा धडा त्या वहीवरून.

सुरुवात 'राडा'पासून करू. मुंबईकडे राडा म्हणजे मारामारी, दुसरा अर्थ नाही. कोल्हापुरात राडा म्हणजे आधी चिखल, मग पसारा आणि सगळ्यात शेवटी मारामारी. माझी रूममेट बोरिवलीची. एकदा मेसच्या मावशींनी तिला दारातच अडवलं, "आत जाऊ नगासा, राडा झालाय." ही थेट रेक्टर मॅडमना बोलवायला पळाली! आत आमटीचं पातेलं कलंडलं होतं, एवढंच. असं एका भाषेच्या पोटात सगळीकडेच होतं म्हणा. स्पॅनिशमध्ये 'ग्वाग्वा' असा एक शब्द आहे. क्यूबात त्याचा अर्थ बस आणि चिलीत तान्हं बाळ. क्यूबाचा माणूस चिलीत जाऊन 'ग्वाग्वा वेळेवर येत नाही' म्हणाला तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल, ते तुम्हीच ठरवा.

यानंतरचा शब्द 'हाणणे'. हे क्रियापद आलं की निम्मं कोल्हापुरी आलं. मूळ अर्थ मारणे. पण इथं मिसळ हाणतात, झोप हाणतात, गप्पा हाणतात, गाडी ऐंशीनं हाणतात आणि पेपरही हाणतात. पेपर हाणला म्हणजे चांगला गेला. वाईट गेला तर तो 'गंडला'. जे काम जोर लावून, मागचापुढचा विचार न करता केलं जातं, त्याला हाण चालतो. म्हणून अभ्यास सहसा कुणी हाणत नाही, तो 'करायचा' असतो. (परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र हाणतात.)

'नाद खुळा' आता टी-शर्टवर छापून विकतात, त्यामुळे तो सगळ्यांना माहीत आहे. पण टी-शर्टवर अर्धाच अर्थ येतो. नाद म्हणजे छंद नव्हे. माणूस घरदार विसरतो ती ओढ. कुस्तीचा नाद, बैलगाडीचा नाद, फुटबॉलचा नाद. तो खुळा होण्याइतका वाढला की नाद खुळा. आणि 'नाद करायचा न्हाय' म्हटलं की तोच शब्द इशारा होतो : आमच्या वाटेला जाऊ नका. 'जाळ अन् धूर संगटच' हे त्याच घरातलं. एरवी आधी धूर दिसतो, मग जाळ होतो; इथं दोन्ही एकदम, म्हणजे कामाला वेळच लागला नाही. 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' याचा अर्थ सांगायची गरज नाही. प्रोग्रॅम पहिल्याच रनला चालला की आमच्या लॅबमध्ये कुणीतरी हे ओरडतंच. 'विषय हार्ड' त्यामानानं नवा आहे आणि माझ्या मते थोडा कमी प्रतीचा. त्यात चित्र नाही.

चित्र कुठून येतं ते बघायचं असेल तर शहराबाहेर उसात जावं लागतं. 'बेणं' हा शब्द घ्या. "लई इब्लिस बेणं हाय त्ये!" हे वाक्य तुम्ही आठवड्यातून एकदा तरी ऐकलं असेल. ऊस बी पेरून लावत नाहीत. उसाच्याच डोळे असलेल्या कांड्या तोडून सरीत लावतात आणि त्या कांड्यांना बेणं म्हणतात. जसं बेणं तसा ऊस. म्हणजे एखाद्याला बेणं म्हटलं की त्याच्या पुढच्यामागच्या सगळ्या पिढ्यांबद्दल दोन अक्षरांत मत दिलं जातं! शिवाय शब्द नपुंसकलिंगी. 'तो बेणा' असं कुणी म्हणत नाही. 'ते बेणं अजून आलं न्हाई' असंच. मोठ्या बाप्याला 'ते' म्हटलं की शिवीची धार बोथट होते आणि त्यात लाड येतो. 'खुळं', 'येडं' यांचंही तेच.

चरकातून रस काढल्यावर उसाचं जे उरतं ते 'चिपाड'. सबमिशनच्या आठवड्यात आपलं सगळ्यांचं जे होतं, तेही चिपाड. 'कंडका' म्हणजे तुकडा. 'कंडका पाडणे' म्हणजे रेंगाळलेल्या विषयाचा एकदाचा निकाल लावणे. २०२३ साली राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत 'कंडका पाडायचा' ही घोषणा गाजली. त्याआधी २०१९ च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' असंच घराघरात पोचलं होतं. इथं निवडणुकीच्या घोषणा बोलीतच होतात, आणि मग निवडणूक संपली तरी घोषणा बोलीत राहून जातात. 'काटा' तर तीन ठिकाणी फिरून आलाय. कारखान्याच्या वजनकाट्यावर वजनात फसवणं म्हणजे काटा मारणे. कुस्तीत दोन्ही पैलवान तोलामोलाचे असले की काटाजोड. आणि एखादी गोष्ट झकास जमली की 'काटा किर्रर्र'! यातले र जितके जास्त, तितकं कौतुक जास्त.

कुस्तीचं तर विचारूच नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान बांधून घेतलं, त्या मैदानावरचे शब्द आज आमच्या कॉरिडॉरमध्ये फिरतायत. शड्डू ठोकणे, चितपट, वस्ताद, खुराक. 'खुराक कमी पडला' हे इथं बाइकच्या कार्ब्युरेटरबद्दलही बोलतात. आणि 'फड' हा एकच शब्द उसाच्या शेताला, तमाशाच्या कंपनीला आणि कुस्तीच्या मैदानाला चालतो. मेकॅनिकलवाल्यांसाठी खास : 'आटा' म्हणजे बोल्टचे थ्रेड. ते गेले की नट नुसताच फिरत राहतो, धरत नाही. म्हणून ज्याचं डोकं धरत नाही त्याचे 'आटे ढिले'.

खाण्याचं थोडक्यात सांगते. मिसळीवरचा तिखट रस्सा पुण्यात 'सॅम्पल', नागपूरकडे 'तर्री', इथं 'कट'. त्या कटात वडा बुडवला की कटवडा. मटणाचं जेवण म्हणजे 'वशाट', आणि मित्रांनी वर्गणी काढून रानात चूल मांडली की 'रस्सा मंडळ'. पुढचं प्रात्यक्षिक ज्याचं त्यानं करावं.

आता नव्या मुलांना खरी भीती वाटते ती हाका मारण्याची आणि धमक्यांची. "तुडवीन हं!" असं म्हणून समोरचा हसतो, तेव्हा घाबरायचं की हसायचं? मी वहीत अशी चाळीसएक वाक्यं लिहिली आहेत आणि त्यांवरून एक ठोकताळा काढलाय. वाक्यात 'मर्दा', 'भावा', 'गड्या' किंवा शेवटी 'की' असेल तर धोका नाही. "तुडवीन की मर्दा तुला" हे प्रेम आहे. पण 'भावा' गळून पडला, वाक्य दोन शब्दांचं झालं आणि आवाज खाली आला, तर तिथून निघालेलं बरं.

हाक म्हणून वापरलेला शब्द किती लांब जातो बघा. हॉस्टेलच्या भिंतींवर चे गेव्हाराचं पोस्टर असतंच. त्याचं नाव अर्नेस्टो. 'चे' हे नावच नव्हे. अर्जेंटिनात माणसाला हाक मारताना 'अरे', 'काय रे' या अर्थानं ते म्हणतात. हा प्रत्येक वाक्यात 'चे' म्हणायचा, म्हणून क्यूबाच्या साथीदारांनी त्याला चे म्हणायला सुरुवात केली. कोल्हापूरचा असता तर पोस्टरवर 'मर्दा गेव्हारा' लिहावं लागलं असतं!

वर 'की' आला, त्याच्याबद्दल थोडं. "बस की", "खा की", "सांग की." कोल्हापूरच्या लोकांना प्लीज म्हणता येत नाही अशी बाहेर तक्रार असते. मला वाटतं, प्लीजचं सगळं काम हा 'की' करतो. नुसतं "बस" म्हणजे हुकूम, "बस की" म्हणजे आग्रह. अनोळखी माणसाला तर "काय पावणं, कुठलं म्हणायचं?" असं विचारतात. 'तू कुठला' नाही, 'तुम्ही कुठले' पण नाही. तू-तुम्हीचा प्रश्नच बाजूला ठेवून दिलेला. यापेक्षा अदब ती काय असते?

आणि ज्याला लोक अशुद्ध म्हणतात त्याला नियम आहेत. "काय करालाईस?" हे 'काय करायला लागला आहेस' याचं आटलेलं रूप. पण अर्थ 'सुरुवात केलीस' असा नाही. काम आत्ता चालू आहे, इतकाच. बोलालाय, बघालाय, नाचालाय, सगळीकडे हाच साचा. बेळगावकडे तो 'करूलालास' होतो. लेडीज हॉस्टेलवर कोल्हापूर भागातल्या मुली "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात, ते ऐकून बाहेरच्या मुली हसतात. पण शेजारच्या कन्नडमध्ये 'बंदे' म्हणजे 'मी आलो' आणि 'मी आले' दोन्ही. बोलणारी बाई की पुरुष हे 'मी'च्या क्रियापदात दिसतच नाही. इथल्या बोलीवर कन्नडची सावली आहे, अक्का आणि अण्णा तर प्रत्येक घरात आहेत. गेल्या दिवाळीत मीच घरी फोनवर "मी निघालो" म्हणाले, तर आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

हे सगळं गमतीचं झालं. पण वही लिहिताना एक गोष्ट मला डाचत राहिली, ती इथं सांगायलाच हवी.

आमच्या बॅचला राधानगरीकडचा एक मुलगा आहे. वर्कशॉपमध्ये चार जबड्यांच्या चकवर जॉब सेंटर करणं आम्हाला कुणालाच जमत नव्हतं. त्यानं आम्हाला शिकवलं : "आदी जॉब हलका धर. डायल लाव. काटा नाचालाय तवर टूल फुडं घिऊ नगंस. न्हाईतर एका अंगाला ज्यास्त खाईल आन् दुसऱ्या अंगाला कोरं ऱ्हाईल." पुस्तकातलं रन-आऊट पानभर वाचून मला समजलं नव्हतं, ते या चार वाक्यांत समजलं. मग ओरलला त्याला नेमका तोच प्रश्न आला, इंग्रजीत. तो गप्प. परीक्षक भले होते, म्हणाले, मराठीत सांग. तरीही तो गप्पच. मी पुढच्या नंबरची, तिथंच उभी होते. तो शब्द शोधत होता हे दिसत होतं, पण इंग्रजी नव्हे, 'चांगल्या' मराठीतले. 'काटा नाचालाय' हे सरांपुढे म्हणायचं कसं? बाहेर आल्यावर जिन्यात त्यानं पाच जणांना तेच उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, अजिबात न अडखळता. मार्क मात्र आतल्या गप्प बसण्याचे मिळाले.

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटच्या मुलीला इंग्रजी अडलं तर मराठी असते आणि मराठी अडली तर इंग्रजी. त्याला दोन्हीकडे दार बंद, आणि ज्या भाषेत त्याला सगळं येतं ती विनोदाची भाषा म्हणून आपण टी-शर्टवर घालतो. स्टाफरूममधल्या वाचकांना यासाठी एक विनंती आहे. ओरलला मुलगा अडला तर 'मराठीत सांग' यापुढे एक पाऊल जाऊन 'वर्कशॉपमध्ये मित्राला जसं सांगतोस तसं सांग' म्हणून बघा. इंग्रजी संज्ञा त्यालाही शिकाव्याच लागतील, त्यातून सुटका नाही. पण समजलंय की नाही हे त्याआधी कळेल.

बोलीला आधी नावं ठेवायची आणि नंतर मान द्यायचा, हे इतरांनीही केलं आहे. ब्युनोस आयर्सच्या गल्ल्यांमध्ये इटालियन आणि इतर स्थलांतरितांच्या मिसळीतून 'लुनफार्दो' नावाची बोली झाली. १८९४ साली तिच्यावर पुस्तक निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ 'गुन्ह्याची भाषा'. पुढे टँगोच्या गाण्यांत ती आली. १९४३ नंतर काही वर्षं तर सरकारनं रेडिओवरच्या गाण्यांतून हे शब्द काढायला लावले. आणि १९६२ साली त्याच शहरात लुनफार्दोच्या अभ्यासासाठी अकादमी स्थापन झाली.

अकादमी वगैरे आपल्याला झेपणारी नाही. वही आहे. ती मी या टर्मपासून मेसच्या काउंटरवर ठेवणार आहे. माझ्याकडे शहरातले आणि करवीर, राधानगरीकडचे शब्द बऱ्यापैकी झालेत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि शिरोळकडचे फारच थोडे आहेत. तिकडच्या मुलामुलींनी भर घालावी. नुसता शब्द लिहू नका. कोण कुणाला म्हणालं, कशावरून म्हणालं आणि आवाज चढा होता की उतरता, हेही लिहा. शिव्या चालतील, पण अर्थ लिहावा लागेल. 'हाण'च्या पानावर सध्या चौदा अर्थ आहेत, खाली जागा सोडली आहे.